कागदावर ठेवलेली संत्री

पांढुर्ण्याच्या टायपिंग क्लासच्या बाईंनी मला हात दिला, हे आधी सांगते. बाकीचं नंतर. कारण बाकीचं आधी सांगितलं की ऐकणाऱ्याचं लक्ष त्या यंत्राकडे जातं, गेलेल्या लाइटीकडे जातं, कोण कुठं बसलं होतं तिकडे जातं आणि बाई मागे राहतात. माझ्यामुळे त्या एकदा मागे राहिलेल्या आहेत. पुन्हा तसं नको.

मी मूळची बार्शीकडची. सातवी झाली आणि शाळा सुटली. धाकट्या भावंडांना कोण सांभाळणार, एवढंच कारण होतं आणि ते घरात कुणाला मोठं वाटलं नाही. पुढे लग्न झालं. आमचे हे रेल्वेत खलाशी. त्यांची बदली पांढुर्ण्याशेजारच्या तिगावला झाली आणि मी त्यांच्यामागे एका ट्रंकेसह उतरले. स्टेशनच्या मागे क्वार्टर, पलीकडे कपाशी, त्यापलीकडे संत्र्याचे बगीचे. माणसं मराठीच बोलायची, पण माझ्या मराठीला ती हसायची आणि मी त्यांच्या मराठीला घाबरायची. बाजारात भाजीवालीनं "काय पाहून राहिली व माय, घे ना!" म्हटलं तरी मला वाटायचं, आपलं काही चुकलं.

हे ड्यूटीवर गेले की दिवस संपायचा नाही. म्हणून मी पॅसेंजरनं पांढुर्ण्याला जायची, भाजीच्या निमित्तानं. तिथं एका घराच्या पुढच्या खोलीतून टकटक टकटक आवाज यायचा. बाहेर पाटी, टायपिंग शिका. मी तिथं थांबून ऐकायची. एकदा आतून आवाज आला,

"आत ये व. दारात उभी राहून बोटं चालत नाही."

बाई पन्नाशीच्या पुढच्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. जाड भिंगाचा चष्मा, पांढऱ्या साडीला बारीक काठ. मला समोर बसवलं.

"किती शिकली?"

"सातवी."

"परीक्षेले तर मॅट्रिक लागते."

"हो, ठाऊक आहे. जाते मी."

"जाते काय? परीक्षेले लागते म्हटलं मी. शिकाले काय लागते? बोटं लागते. हायेत ना?"

मी बोटं पदरातून बाहेर काढली. अजून आठवतं, त्यांनी ती पाहिली नाहीत, हातात घेऊन चाचपली. तेव्हा मला ते मायेचं वाटलं. मायेचं होतंच. पण कारण दुसरंही होतं.

दुपारी क्लास रिकामा असायचा. त्या वेळेत त्यांनी मला शिकवलं. आधी हिंदी, मग मराठी. मी मागे बघत बघत यायची, की कुणी म्हणेल, ही सातवी पास इथं काय करते. बाई म्हणायच्या, "मशिनी रिकाम्याच पडून राहते. तू बसली काय, नाही बसली काय. बस आता." बोटं वळायला लागल्यावर त्यांनी मला स्टेन्सिल कापायला दिलं, मग सायक्लोस्टाइलवर शाळांचे चाचणीचे पेपर काढायला. परक्या गावात कुणीतरी माझी वाट बघतं, हे मला त्या खोलीत पहिल्यांदा कळलं. त्या मला "सोलापूरवाली" म्हणायच्या. बार्शी त्यांनी कधी ऐकलेली नव्हती, सोलापूर ऐकलेलं होतं.

बाईंना दिसत नाही, हे मला एका चहाच्या कपानं सांगितलं. त्या कपात चहा ओतत होत्या आणि एक बोट कपाच्या काठावरून आत सोडलेलं होतं. चहा बोटाला लागला, तशा थांबल्या. मी बघतच राहिले.

"बाई, डोळे..."

"हळू बोल. मोतीबिंदू आहे. पिकून राहिला."

"मग ऑपरेशन?"

"माझ्या मोठ्या बहिणीचं केलं होतं. तिचा डोळाच गेला. मले आहे तेवढं पुरते." मग, "बाबूले नको सांगू. त्याले कळलं का तो मले उचलूनच नेईन."

बाबू म्हणजे त्यांचा एकुलता मुलगा. जबलपूरला सरकारी नोकरीत. आईवर फार जीव. दर दिवाळीला यायचा आणि दर दिवाळीला म्हणायचा, इथं एकटी काहून राहते, चल. बाई म्हणायच्या, माझा क्लास आहे. क्लास होता म्हणून घर होतं, आणि ते घर त्यांना तोंडपाठ होतं. उंबरठ्यापासून मशिनीपर्यंत, मशिनीपासून माठापर्यंत. रिबन कुठं, कात्री कुठं, शाईची ट्यूब कुठं, सगळ्याची जागा ठरलेली. मला पहिल्याच आठवड्यात त्यांनी सांगितलं होतं, "वस्तू उचलली का तिथंच ठेव. मी डोळ्यानं नाही पाहत, जाग्यानं पाहते." त्या बोलण्याचा अर्थ मला चहाच्या कपानंतर लागला. तेव्हापासून मी त्यांची जागा सांभाळायला लागले. पोरं खुर्च्या ओढायची, मी मागून सरळ करायची. कुणी काही हलवलं, तर मी गप्पा मारल्यासारखं मोठ्यानं बोलायची, "अगंबाई, कात्री खिडकीत कुणी ठेवली?" बाई तिकडे हात न्यायच्या. कुणाला कळायचं नाही. आमच्या दोघींचं तेवढं जमलेलं होतं.

मग पोरं कमी व्हायला लागली. नागपूरला कॉम्प्युटरचे क्लास निघालेले. त्या दिवाळीला बाबू आला तो ठरवूनच आला. म्हणाला, "आई, आता टायपिंग कोणी शिकत नाही. बंद कर, अन् चल." मग त्यालाच काय वाटलं कोण जाणे, म्हणाला, नागपूरच्या एका दुकानात त्याचा कॉलेजचा मित्र एजंट आहे. त्यांच्याकडे कॉम्प्युटर आणि त्याला जोडायचा रंगीत प्रिंटर आलाय. मित्र म्हणतो, थोडे दिवस ठेवून बघा. "इथं त्याचं काम चाललं, लग्नपत्रिका, शाळेचे कागद, काकाच्या संत्र्याच्या पेट्यांचे लेबल, तर मी तुले घेऊन देतो अन् पुन्हा चल म्हणणार नाही. नाही चाललं, तर मात्र माझ्याकडे यायचं. मंजूर?"

"मंजूर," बाई म्हणाल्या.

तो गेल्यावर मला म्हणाल्या, "ऐकलं ना? आता ते मशीन तुलेच पाहा लागते."

एजंट तरुण, बोलका. यंत्र आणून बसवलं, व्होल्टेजसाठी वेगळा डबा लावला आणि मला शिकवायला बसला.

"ताई, हे दुसऱ्या प्रिंटरसारखं कागदाले ठोकत नाही. शाई उडवते. बारीक बारीक थेंब."

"पिचकारीसारखं?"

"हो, पण शिस्तीची पिचकारी."

बटण दाबताना वाटायचं, सातवी पास बाईनं हे मोडलं तर? पण दोन दिवसांत मला ते थोडं कळायला लागलं. शिकवायचं तेवढं शिकवून एजंट नागपूरला परत गेला आणि आम्ही दोघी त्या यंत्रासमोर उरलो.

पहिलं रंगीत पान निघालं तेव्हा शेजारचा शिंपी, दोन-तीन पोरं, समोरची काकू, सगळे दारात. आतलं शाईचं डोकं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरतंय आणि कागद रेघारेघांनी खाली सरकतोय. चहा उकळून गाळून झाला तरी पान अर्धंच.

शिंपी म्हणाला, "बाई, हे छापून राहिलं का स्वेटर विणून राहिलं?"

"तुले विणून पाहिजे काय रे?" बाई म्हणाल्या. "थांब, बाह्या होऊ दे."

सगळे हसले. सगळे गेल्यावर त्यांनी दार लोटलं आणि मला विचारलं, "आता सांग."

"छान आलंय, बाई."

"नुसतं छान म्हणू नको. छान म्हटलं का मले काहीच दिसत नाही."

मग मी बघायला शिकले. खरंच सांगते, त्याआधी मी रंग पाहिले होते, पण सांगितले नव्हते. "पिवळा हळदीसारखा आलाय, बाई. लाल चांगला, पण गुलाबीकडे झुकलाय. निळा फिका, नीळ घातलेल्या धोतरासारखा. आणि काळा... काळा नाही तो. तीन रंग मिसळून काळा करतंय ना. शेवाळ धरलेल्या रांजणासारखा दिसतोय."

"अन् अक्षर?"

"लांबून पाहिलं तर ठीक. जवळ नेलं की वेलांटीला पायऱ्या दिसतात."

साध्या कागदावर शाई पसरायची, घाम आलेल्या कपाळावर कुंकू पसरतं तशी. एजंटनं दिलेल्या गुळगुळीत कागदावर मात्र पान देखणं निघायचं. एक रात्र यंत्र बंद राहिलं की सकाळी एखादा रंग यायचाच नाही, मग ओल्या फडक्यानं शाईच्या डबीचं तोंड पुसून दोन-चार पानं वाया घालवायची. हे सगळं मी बाईंना सांगत गेले आणि सांगताना माझा जीव घाबरा होत गेला. कारण प्रत्येक दोष सांगितला की मला जबलपूरची गाडी दिसायची. एकदा काळ्याबद्दल विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "आज बरा आहे."

"खरंच?"

मी पान पुन्हा उजेडात धरलं.

"सोलापूरवाले, तू माझे डोळे होय ना? मग माझे लाड नको करू. लाड कराले बाबू आहे."

त्यानंतर मी खोटं बोलले नाही. हे मी माझ्या बाजूनं सांगते. फार काही नाही माझ्या बाजूनं सांगण्यासारखं.

चांगलं निघालं ते शाळेचं प्रमाणपत्र. गुळगुळीत कागद, भोवती हिरव्या वेलीची किनार, वर पिवळा दिवा. शाळेच्या हेडमास्तरांनी पाहिलं आणि म्हणाले, गॅदरिंगच्या बक्षिसांना असंच द्या, बाकीच्या शाळांनाही सांगतो. लग्नपत्रिकाही बरी निघाली. राहिलं संत्र्याचं लेबल. ते सगळ्यात मोठं काम, म्हणून ते घेऊन आम्ही बसनं सौंसरला गेलो, बाईंच्या दिरांच्या बगीच्यावर.

आंबिया बहाराची तोड चालू होती. झाडाखाली संत्र्यांचे ढीग, बाया पेट्यांत तनसावर, म्हणजे भाताच्या पेंढ्यावर, फळं रचत होत्या. दीर मोकळे, थट्टेखोर गृहस्थ. लेबल हातात घेऊन त्यांनी ढिगातलं एक हिरवट पिवळं फळ त्याच्या शेजारी धरलं.

"वहिनी, हे तुम्ही मृग बहाराचं भडक केशरी छापलं. पेटीत तर आंबियाचं आहे. गिऱ्हाईक म्हणन, फोटोतलं दे."

"तुम्ही लावून तर पाहा, भाऊजी."

पेट्यांना लेबल लावणाऱ्या बाईनं मैद्याची खळ घेतली, दोन बोटांनी पेटीवर फासली, लेबल ठेवलं आणि ओल्या तळव्यानं दाबलं. तिची नेहमीची रीत. छापखान्याच्या लेबलांना त्यानं काही होत नसे. आमच्या लेबलातलं संत्रं मात्र हलायला लागलं. आधी कडा फुटली, मग केशरी ओघळ निघाला, तो हिरव्या पानात मिसळला, आणि बघता बघता सगळं मातकट झालं.

"अवं माय," ती म्हणाली, "संत्रं रडून राहिलं!"

बाया हसल्या. बाईही हसल्या. मी हसले नाही, म्हणून त्यांना कळलं. माझ्या दंडाला धरून हळूच म्हणाल्या, "किती गेलं?"

"सगळं, बाई."

दीर आता थट्टा करत नव्हते. "वहिनी, वाईट नका मानू. दिल्लीले पोचेस्तोवर पेटीवर नुसते डाग राहीन. आडत्या म्हणन, आतला माल सडून पाणी सुटलं. मी नाही लावू शकत."

परत येताना बसमध्ये ते ओलं लेबल वर्तमानपत्रात घालून बाईंच्या मांडीवर होतं. त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. मला वाटत होतं, कागद खिडकीतून फेकून द्यावा.

"हे पण बाबूले दाखवायचं," त्या म्हणाल्या.

"बाई, कशाला? शाळेचं चांगलंय तेवढं दाखवू."

"शाळेचं दाखवू, पत्रिकेचं दाखवू, अन् शेवटी हे. सांगू, लेबलाचं काम नाही जमत, कागदाचं जमते. तेवढ्यावर क्लास चालते. खरं सांगितलं का तो ऐकते, लहानपणापासून." मग, "डोळे लपवून लपवूनच थकली मी. आता मशीन कुठी लपवू?"

त्यांचं बरोबर होतं. यंत्र वाईट नव्हतं. पाण्यापासून लांब राहील अशा कामाला ते चांगलं होतं. बाबू ते मानला असता, असं मला आजही वाटतं. म्हणूनच पुढचं विसरता येत नाही.

बाबू यायच्या ठरलेल्या दिवशी सकाळी मी लवकर आले. टेबल पुसलं. डावीकडून पहिली लग्नपत्रिका, मग शाळेचं प्रमाणपत्र, आणि अगदी उजवीकडे, टेबलाच्या कोपऱ्याला, वाळून कडक झालेलं ते ओघळलेलं लेबल. तिन्ही कागद एकाच मापाच्या पातळ पुठ्ठ्यावर ताणून चिकटवले होते, एकसारखे दिसावेत म्हणून; हाताला तिन्ही सारखेच लागत. बाईंनी तिन्हींवरून हात फिरवला, टेबलाच्या काठापासून अंतर मोजलं, "बरोबर" म्हणाल्या.

कागदांवर वजन म्हणून एरवी आम्ही टाइपरायटरचे जुने लोखंडी भाग ठेवायचो. त्या दिवशी मला काय सुचलं, मी बाईंच्या दिरांनी दिलेल्या पिशवीतली संत्री काढली आणि प्रत्येक कागदावर एक एक ठेवलं. छान दिसत होतं. रंगीत कागदांवर खरी फळं. मला वाटलं, बाबू खूश होईल. मी परमुलखातून आलेली, मला वाटलं ते शोभेचं आहे. इतकी वर्षं राहूनही माझ्या डोक्यात आलं नाही, की ज्या गावात हंगामात टेबलावरचं संत्रं म्हणजे आल्यागेल्याचंच असतं, कुणी विचारत नाही, उचलतो आणि सोलतो, त्या गावात संत्र्याचं वजन ठेवायचं नसतं.

बाबू जबलपूरहून आला, एजंट नागपूरहून. लाइट सकाळपासूनच गेलेली, म्हणून दार सताड उघडं ठेवून उजेडात टेबल घेतलेलं. बाई आपल्या खुर्चीत. मी चहाला आत गेले. आतून मला ऐकू येत होतं. एजंट म्हणत होता, "यंदाचा आंबिया गोड आहे बुवा," आणि बाबू म्हणाला, "दे, एक फोड इकडे." वजनाची संत्री एकेक करून सोलली जात होती; मला ते ऐकू आलं, पण कळलं नाही. चहात साखर किती, एवढंच डोक्यात.

आणि लाइट आली. पंखा कुरकुरला आणि फिरायला लागला. कागदांचा फडफडाट झाला.

मी ट्रे घेऊन दारात आले तोवर एजंट खाली वाकून कागद गोळा करत होता. "राहू द्या, ताई, उचलले मी." त्यानं तिन्ही पुन्हा टेबलावर मांडले. सालींचा ढीग बाजूला सारून, अगदी नीट, एका ओळीत.

"सारे जाग्यावर ठेवले ना?" बाईंनी विचारलं.

"हो जी, ठेवले."

त्यानं ओघळलेलं लेबल मध्ये ठेवलं होतं आणि प्रमाणपत्र कोपऱ्याला.

मी पाहिलं. माझ्या हातात गरम चहाचा ट्रे होता. मी मोठ्यानं म्हणू शकले असते, "अगंबाई, हे लेबल मध्ये कुणी ठेवलं?" रोज म्हणायची तसं. पण मनात आलं, बाबूनं विचारलं, मध्ये ठेवलं तर काय झालं, तर मी काय सांगू? एवढा विचार करायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात बाई बोलायला लागल्या होत्या.

पत्रिका जागेवरच होती. ती झाली. मग त्यांनी मधला कागद उचलला.

"हे शाळेचं प्रमाणपत्र. याची किनार पाह्य बाबू, हिरवी वेल, एकेक पान मोकळं. हेडमास्तर म्हणे, असं तर नागपूरले पण नाही भेटत."

हातात ते मातकट, ओघळलेलं संत्रं होतं. एजंटचं तोंड फोडीसकट थांबलं. बाबूनं कागदाकडे पाहिलं, मग आईकडे.

बाईंना ती शांतता वेगळी वाटली असावी, कारण त्या जरा घाईनं पुढे गेल्या. कोपऱ्यातला कागद घेतला आणि उजेडाकडे धरला. पिवळा दिवा, हिरवी वेल, स्वच्छ.

"अन् हे मी लपवणार नाही. हे पाण्यानं गेलं. सारा रंग वाहून गेला, पाह्य. लेबलाचं काम या मशीनचं नाही."

पंखा फिरत होता. बाबू उठला, त्यानं आईच्या हातातला कागद हळूच घेतला.

"आई, माझ्या शर्टाचा रंग कोणता आहे?"

बाई म्हणाल्या, "तू मशीनचं बोल. घ्यायचं का नाही?"

तो पोरांच्या स्टुलावर खाली बसला. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, केव्हापासून?"

मी बाईंकडे पाहिलं.

"तिले काहून विचारते?" बाई म्हणाल्या. "माझे डोळे आहे. मले विचार."

बाबू वाईट माणूस नव्हता. तो मागच्या अंगणात जाऊन रडला, मी भांडी घासताना पाहिलं. यंत्र त्याच दिवशी खोक्यात गेलं. एजंट जाताना मला म्हणाला, "ताई, मशीन तर चांगलं होतं ना?" मी म्हटलं, हो, चांगलं होतं.

महिन्याभरात बाई जबलपूरला गेल्या. टाइपरायटर विकले गेले. एक सोडून. तो आणि सायक्लोस्टाइल "सोलापूरवालीले" असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. मला बोलावून मशीन कुठल्या उंचीवर ठेवायची, खिडकी कोणत्या हाताला हवी, ते समजावलं. माझ्याच्यानं वर बघवलं नाही. त्यांना ते दिसलं नाही, याचं मला त्या वेळी बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं लगेच वाईट वाटलं.

त्या मशीनवर मी तहसीलच्या बाजूला बसायला लागले. अर्ज, शपथपत्रं, पेपर. आमचं घर त्यावर उभं राहिलं, मुलं शिकली. लोक म्हणतात, तुमच्या बाईंचंही भलंच झालं. खरंच झालं. ऑपरेशन नीट झालं, एका डोळ्याला चांगलं दिसायला लागलं. उशीर झाला असता तर तेवढंही राहिलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. मी मान डोलावते. पण बाईंच्या घरात कापडाच्या गठ्ठ्यांचं गोदाम झालं, आणि माझ्या दारात टकटक सुरू झाली, हे दोन्ही एकाच सकाळचं आहे.

एकदा ह्यांच्या पासावर आम्ही जबलपूरला गेलो. बाई गॅलरीत बसल्या होत्या. मी बोलले, तशा वळल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

"अवं, तू इतकी सावळी होय? आवाजावरून गोरी वाटे."

दोघी हसलो. सून चांगली, सारखी आवराआवर करणारी. पण तिनं आवरलं की वस्तूची जागा बदलायची. बाई मला हळूच म्हणाल्या, "इथी सारं दिसते, पण सापडत नाही काहीच."

मग मी धीर करून संत्र्यांचं बोलले. म्हटलं, बाई, वजन मी ठेवलं होतं. लोखंड ठेवलं असतं तर...

"मले माहीत होतं व. सालीचा वास आला तेव्हाच समजलं का ही संत्रे ठेवून बसली." त्यांनी माझा हात घेतला, पहिल्या दिवशीसारखा. "कागद उडाले तेही समजलं. पण तू आली होती ना दारात? कपाचा आवाज आला मले. तू काही बोलली नाही, म्हणून मी म्हटलं, जाग्यावर आहे सारे."

त्यात दोष नव्हता. साधं सांगणं होतं, काय झालं ते. दोष दिला असता तर मी पाया पडले असते आणि मोकळी झाले असते.

आता माझ्या दुकानातही रंगीत प्रिंटर आहे. त्याचा काळा काळाच येतो. वेलांटीला पायऱ्या नसतात. प्रत्येक पान निघालं की मी ते मनातल्या मनात बाईंना सांगते, हळदीसारखं, निळीसारखं. कागदांवर लोखंडाचं वजन ठेवते. पोरं हसतात, पंखा तर लावलेला नाही, म्हणतात.

बाई आता फार थकल्यात, प्रवास होत नाही. पण मी ठरवलंय. एका हंगामात मी त्यांना पांढुर्ण्याला आणीन, गाडीत शेजारी बसून. माझ्या दुकानात उजेडाच्या हाताला त्यांची खुर्ची मांडीन, डावीकडे कात्री, उजवीकडे रिबन, माठ चार पावलांवर, सगळं त्यांच्या जागेवर. त्यांना जितके दिवस राहावंसं वाटेल तितके दिवस. आणि त्यात कुणी काही हलवलं, तर माझ्या हातात काहीही असो, मी आधी बोलेन.